चवथीच्या आदल्या दिवसाची माटोळी

बाबा, तुला आज सांगायलाच हवं. आईला सांगायला गेले तर म्हणाली, "आधी जेव, मग सांग." डिचोलीत नवं संग्रहालय होतंय आणि त्यातलं एक दालन मी केलंय. हो, मी! तिथे वस्तू कपाटात बंद नाहीत. भिंतीवर उजेडाची चित्रं पडतात, वरचा कॅमेरा माणसाचे हात पाहतो, आणि हात हलले की चित्रही हलतं. मी तिथे चवथीची माटोळी मांडली होती, गणपतीच्या डोक्यावर टांगतो ती लाकडी चौकट, रानातल्या फळांनी गच्च बांधलेली. फळाकडे हात नेला की ते झुलणार आणि आपलं नाव सांगणार. लोकांना हात आवरणार नाहीत, असं मला वाटलं होतं.

उद्घाटनाआधी आम्ही लाटंबार्से गावच्या बायकांना चाचणीसाठी बोलावलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "मावशी, हात लावा ना." त्यांच्यातली थोरली माझ्याकडे बघतच राहिली. "बांदल्ले माटोळयेक कोण हात लायता गे? तुमगेर चवथ जायना काय कितें?" बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. आपल्या घरी चवथ होत नाही म्हणे, बाबा! संग्रहालयाच्या प्रमुख, आमच्या मॅडम, मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन दिवसांत लोकांचे हात उठले नाहीत, तर हे काढून इथे फोटो लावू."

त्या संध्याकाळी बसमध्ये डोळे मिटले आणि मला तू दिसलास. मी सहा वर्षांची आहे. तू खाणीवर ट्रक लावून आलायस, आंघोळ करूनही कानामागे लाल माती तशीच आहे. तू स्टुलावर उभा, मी खालून एकेक फळ देतेय, तू केवणीच्या सालीच्या दोराने बांधतोयस. दुसऱ्या दिवशी गणपती बसल्यावर मी त्यातलंच एक कवंडळाचं फळ ओढलं, तेव्हा तू माझा हात धरलास. "काल ते आपलं होतं. आज देवाचं." एवढंच बोललास, पण मी दुपारभर रडले होते.

बाबा, मी चुकीचा दिवस मांडला होता! लोकांचे हात लागतात ते आदल्या दिवशी. दोन दिवस आम्ही धड जेवलो नाही. भिंतीवर आता नुसती रिकामी चौकट ठेवली, खाली फळांची टोपली. फळ उचलायचं, वर न्यायचं, हवेतच गाठ मारायची.

आज त्या बायका परत आल्या. थोरली दारातूनच म्हणाली, "हें कितें, अजून बांदूंक ना?" आणि तिचे हात वर गेले! तिने सुपारीचा घोस बांधला. दुसरीने लिंबासारखं पण भलंमोठं तोरिंजन एका टोकाला लावलं तशी चौकट कलली, आणि सगळ्या तिच्यावर ओरडल्या, "मदीं बांद गे, मदीं! देवाचे तकलेर घालतलें तूं!" देवाच्या डोक्यावर पाडशील म्हणे! शेवटी मॅडमही पदर खोचून पुढे झाल्या. दालन राहणार, बाबा. फोटो नाहीत.

नंतर मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुला हे सुचलं कुठून?" तू आता नाहीस, हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. तुझं नाव अगदी ओठांवर होतं. पण समोर सगळे मोठमोठे शिकलेले लोक उभे होते, आणि मी म्हटलं, "कॉलेजात शिकवलं होतं."