अठरावं गाणं

२ जानेवारी, सकाळी ६.१०
संकल्प एक तारखेला सगळेच करतात, म्हणून मी दोनला. एक, गोड कमी. दोन, ही वही कुलपात. तीन, कुणावर पटकन विश्वास ठेवायचा न्हाई.
मोठी बातमी. खडी क्रशर येतंय! वडवणीत, बाजारतळावर, पंचवीस तारखेला! अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या चौघांचा रॉक बँड. एक कॅसेट काढली अन् फुटले. आता पन्नाशीच्या तोंडावर पुन्हा एकत्र. मी त्यांचा सत्तावीस वर्षांचा फॅन. आख्ख्या तालुक्यात पाइप-मोटारी विकणारा असा माणूस दुसरा न्हाई.
कमिटीत सोमनाथ हाय, मोबाईल दुकानवाला, माझा शाळेपासूनचा दोस्त. म्हणाला, गाण्यांची यादी तूच काढ बे, गायक हरिओमला मी पाठवतो. इतक्या सहज कावून म्हणाला? बघावं लागंल.

४ जानेवारी
यादी तयार. अठरा गाणी, एकशे दहा मिनिटं. सुरुवात 'डांबरी सडक'नं, कारण लोक उशिरा येतात अन् खुर्चीवरून भांडतात. त्या ड्रमपुढं भांडण ऐकू येत न्हाई. सहावं 'फ्यूज उडाला'. सातव्यानंतर हळू गाणं न्हाई, माणसं चहाला उठतात. असा विचार मुंबईवाले पण करत नसतील.
अठरावं, 'जाऊ नको बे'. हे कॅसेटवर न्हाई, यूट्यूबवर न्हाई. जगात एकदाच गायलं, १९९९ ला अंबाजोगाईत, अन् मी तिथं होतो. (वडवणीची शेवटची एसटी साडेनऊला होती, तो विषय वेगळा.) ते गाणं काय चीज होती हे मी आजवर दोनशे माणसांना सांगितलं असंल. ऐकताना माणसं गप्प होतात.
मरायच्या आधी एकदा ऐकायचंय. म्हणजे, पुन्हा एकदा.

७ जानेवारी
बायको प्रणिता भाकरी थापताना काहीतरी गुणगुणते. गेल्या आठवड्यापासून जास्तच. विचारलं तर नुसती भाकरी उलटते. कुठल्यातरी मालिकेचं असणार, टुकार चाल हाय.
तिला यादी दाखवली न्हाई. माहेर अंबाजोगाईचं असलं म्हणून रॉक कळतं असं न्हाई.
वही कपाटात बोटभर सरकलेली दिसली. कुलूप आणायचं राहिलंय.

११ जानेवारी
सोमनाथला यादी व्हॉट्सॲप केली. दोन मिनिटांत निळ्या खुणा. उत्तर चार तासांनी, नुसता अंगठा. चार तास काय करत होता? माझी यादी स्वतःच्या नावानं खपवायचा डाव दिसतोय.
मोबाईलला काच बसवायच्या निमित्तानं त्याच्या दुकानात गेलतो. आतून 'फ्यूज उडाला' ऐकू आलं. रंगेहाथ पकडला! मग ध्यानात आलं, माझाच फोन वाजत होता.
तरी पण.

१५ जानेवारी
कटाचा पुरावा मिळाला. कार्यक्रमपत्रिका छापून आली. त्यात चौतीस सत्कार. एका सत्काराला दीड मिनिट धरलं तरी एक्कावन्न मिनिटं शाल-नारळात. सातचा कार्यक्रम आठच्या आत सुरू होत न्हाई, अन् दहाला पोलीस स्पीकर बंद करतात. म्हणजे कात्री कुठं लागणार? अठराव्या गाण्याला! बरोबर हेरून केलंय.
सोमनाथशी भर रस्त्यात भांडलो. म्हटलं, लोक गाणी ऐकायला येतात का नारळ मोजायला? शेवटी नऊ सत्कारांवर आला. दहावा मात्र तुझा, म्हणाला. 'ज्येष्ठ चाहता' म्हणून. फेटा, शाल, दोन शब्द.
सत्काराला माझा तत्त्वतः विरोध हाय. पण माझा सत्कार हा सत्कार न्हाई, ती दखल हाय.

१९ जानेवारी
भाषण लिहून काढलं. दोनच मिनिटं. अकरा पानं झाली, पण अक्षर मोठं हाय.
प्रणिताला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर गिऱ्हाईक आलं. तेवढ्यात तिनं विचारलं, शेवटचं गाणं कसं होतं ते पण सांगणार का? म्हटलं, तोच तर भाषणाचा गाभा. ती नुसती बघत राहिली. असं बघणं मला आवडत न्हाई.
तिला उलट विचारलं, ते भाकरीचं गाणं कसलं हाय? म्हणाली, तुमाला न्हाई ओळखू आलं? म्हटलं, मालिका कमी बघ.

२४ जानेवारी, रात्री ९
उद्या. घशाला हळद-दूध घेतलं. गाणार ते हायत, पण बोलणार मी. सोमनाथनं दोनदा फोन केला, 'दोन शब्द म्हणजे दोनच हां बे.' जळतोय.

२६ जानेवारी, सकाळी ७
झेंडावंदनाला गेलो न्हाई. तोंड दाखवायला जागा न्हाई.
सातचा कार्यक्रम आठ दहाला सुरू झाला. नऊ सत्कार पंचवीस मिनिटांत उरकले. मग माझा. मी दोन मिनिटं बोललो. सोमनाथ म्हणतो एक्केचाळीस. व्हिडिओ दाखवला. त्याच्या फोनचं घड्याळ पुढं असावं. मधी तीनदा टाळ्या पडल्या. सोमनाथ म्हणतो त्या खाली बस म्हणून होत्या.
अठराव्या गाण्याचं मी असं वर्णन केलं की पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. मागं हरिओम गिटार गळ्यात घालून उभा होता. त्याचे पाय दुखले असणार, हे मला आत्ता सुचतंय.
बँडला मिळाली चाळीस मिनिटं. 'फ्यूज उडाला' सुद्धा झालं न्हाई. दहाला तीन मिनिटं कमी असताना हरिओम म्हणाला, आता विश्वेश्वरअप्पांसाठी थेट अठरावं. विश्वेश्वरअप्पा म्हणजे मी! माझ्या अंगावर काटा आला. गिटार वाजली, त्यानं पहिली ओळ म्हटली, अन् हवालदारसाहेब स्टेजवर चढले. माईक बंद.
एक ओळ. एवढीच.
पण ती चाल! ती भाकरीची चाल होती. वळून बघितलं. बायकांच्या खुर्च्यांत प्रणिताचे ओठ हलत होते. माईक बंद झाल्यावर पण हलतच होते.

२७ जानेवारी, सकाळी ९
विचारलं. परातीवरची नजर न काढता सगळं सांगितलं तिनं. ९९ ला ती फर्स्ट इयरला होती, तिसऱ्या रांगेत, शेवटपर्यंत. एक काळ्या टी-शर्टवाला पोरगा सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. सव्वानऊला बॅग उचलून एसटीला पळाला. पळताना तिच्या पायावर पाय देऊन गेलता. बघायला आलतात तेव्हाच ओळखलं, म्हणाली.
बावीस वर्षं संसार झाला. म्हटलं, मग कधी बोलली कावून न्हाईस? म्हणाली, लई रंगवून सांगता तुमी, मोडावं वाटंना. अन् वाटायचं, एखाद्या दिवशी स्वतःहून सांगाल.
मला लाज वाटली. वहीत लिहून ठेवतो, लाज वाटली.
म्हटलं, म्हण बरं पूर्ण. तिनं सुरू केलं. तेवढ्यात दुकानापुढं पाइपांची गाडी आली. हॉर्नवर हॉर्न. माझा एक पाय चपलेत गेला. ती थांबली अन् पायाकडं बघितलं.
चप्पल काढली. चुलीपाशी खाली बसलो.
दोन कडवी म्हटली तिनं. मी सांगतो तसलं गाणं न्हाईच ते. साधं हाय, हळू हाय. माझ्या यादीत बसलं नसतं. तिसरं कडवं तिला आठवंना. तुमाला आठवतंय का, म्हणून मला विचारलं.
म्हटलं, मला कसं आठवंल? मी एसटीत होतो.
तिनं भाकरी उलटली. हसली न्हाई. कावून हसली नसंल, बघावं लागंल.