भारद्वाज कोणी काढला

आप्पा,

भारद्वाजाचा तो फोटो तुम्ही काढलेला नाही. घ्या, लिहून टाकलं एकदाचं. साठ वर्षं हे वाक्य माझ्या जिभेवर आहे, आणि तुम्हाला जाऊनच पन्नासच्या वर झाली. आज सकाळी ट्रंकेच्या तळाशी तुमच्या शाळेची एक जुनी हजेरीवही सापडली. तिच्यात एक पिवळं पाकीट होतं आणि पाकिटात त्या रोळाची निगेटिव्हं. मी ती खिडकीपाशी उन्हाला धरली आणि अशी ओरडले की सून स्वयंपाकघरातून पळत आली. तिला वाटलं, म्हातारी पडली. पडले कसली, मी नाचायचीच बाकी होते. चहा गार झाला आहे आणि मी वही ओढून बसले आहे. काय पाहिलं ते सांगते, पण क्रमानं. तुम्ही वर्गात सांगायचात तसं, मधे कुणी बोलायचं नाही.

तुमची कामथडीच्या शाळेवर बदली झाली, त्या वर्षी पुण्याच्या एका स्नेह्यानं वापरून कंटाळलेला तो कॅमेरा तुम्ही घरी आणलात. काळा, चौकोनी, पुढं एक डोळा. गावात त्याचं नाव लगेच 'मास्तरांचं डबडं' पडलं. एका रोळात आठ फोटो. दर फोटोनंतर बाजूची किल्ली फिरवून मागच्या तांबड्या काचेत पुढचा आकडा आणायचा, ते काम माझं. कळ दाबायचं मात्र तुमचं. तिला मी बोट लावायचं नाही. किल्ली दिली नाही तर काय होतं, तेही तुम्ही समजावलं होतंत: पाटी न पुसता वर दुसरं गणित मांडलं तर जे होतं ते. म्हणून कळ दाबण्याआधी दर वेळी तुमचा तोच प्रश्न, "किल्ली दिली का गं?" आणि मी छाती काढून म्हणायची, "दिली." दहा वर्षांच्या पोरीला याहून मोठा हुद्दा कुठला?

रोळ भरला की तुम्ही सडकेवर जाऊन साताऱ्याहून येणारी मोटार थांबवायचात आणि ड्रायव्हरच्या हाती तो पुण्याला धाडायचात. मग पाकीट येईपर्यंत तुमचं शिकवण्यात लक्ष नसायचं. आणि पाकिटातून निघायचं काय? परसात तासन्‌तास दबा धरून काढलेला दयाळ म्हणजे एक ठिपका. साळुंकी म्हणजे दुसरा ठिपका. तुम्ही आगकाडीच्या टोकानं दाखवायचात, ही चोच, ही शेपटी. आई म्हणायची, "ह्यापरीस म्या मव्हरी सांडते, ती बगा." तुम्ही काढलेले माझे फोटो बरे यायचे, फक्त त्यांत मला डोकं नसायचं.

दोन गोष्टींनी तुम्हाला झपाटलं होतं. एक भारद्वाज आणि दुसरी आई. परसाच्या निवडुंगाच्या कुंपणात तो राहायचा. काळं अंग, विटकरी पंख, गुंजेसारखा लाल डोळा. आई त्याला कुंभारकावळा म्हणायची, पण सकाळी दिसला तर हात जोडायची, कारण तो दिसला की दिवस चांगला जातो. तुम्ही डबडं उचललंत की तो चालत चालत कुंपणात शिरायचा. उडायचीसुद्धा तसदी घ्यायचा नाही. आईचंही तेच. तिच्या थोरल्या बहिणीनं जत्रेत फोटो काढून घेतला आणि वर्षाच्या आत ती गेली, तेव्हापासून पालीच्या तिच्या माहेरी फोटोनं आयुष्य घटतं असं पक्कं ठरलेलं. तुम्ही आर्जवं केलीत, रुसलात, जेवण सोडायची धमकी दिलीत. ती म्हणायची, सोडा.

आणि मग त्या थंडीतल्या एका रविवारी आई आपणहून म्हणाली, बसते. तुम्ही हातातला तांब्या खाली ठेवायचं विसरलात. रोळात दोनच फोटो उरले होते. उजाडताच कुंपणात काहीतरी हललं म्हणून सातवा तुम्ही तिकडं उडवलात. मी किल्ली दिली, काचेत आठाचा आकडा आला. आठवा आईचा. कॅमेरा गुरांच्या दगडी डोणीवर, परसाच्या दगडी गडग्याकडं तोंड करून ठेवलात, "हात लावू नगं" म्हणून बजावलंत आणि दाढी करायला आत गेलात. ऊन नुकतं गडग्यावर आलं होतं. मी डोणीशी उकिडवी बसलेली. आणि आप्पा, तो आला! कुंपणातून बाहेर पडला, गडग्यावर चढला, माझ्याकडं पाठ केली आणि दोन्ही पंख सताड पसरून ऊन खात बसला. धुणं वाळत घालावं तसे पंख. हलेना की डुलेना. तुम्हाला हाक मारली असती तर तो गेला असता. मी कॅमेऱ्याच्या वरच्या, समोरचं चित्र दाखवणाऱ्या काचेत पाहिलं, तो बरोबर मधोमध. श्वास धरला आणि कळ दाबली. टक्‌. एवढा गोड आवाज मी जन्मात पुन्हा ऐकला नाही.

तो उडाला तेव्हा मी भानावर आले. किल्ली द्यावी तर काचेत आकडाच उरणार नाही, आईचा फोटो पुढच्या रोळावर जाणार आणि माझी पाठ सुजणार. न द्यावी तर गणितावर गणित. मी हात मागं बांधून उभी राहिले. तुम्ही कोट घालून आलात, कॅमेरा उचलून मागच्या दारासमोर आणलात. आई नवं लुगडं नेसून, दाराच्या काळोखाकडं पाठ करून पाटावर बसली, चेहरा देवी टोचायला बसवल्यासारखा. तुम्ही वाकलात आणि विचारलंत, "किल्ली दिली का गं?" मी अंगठ्यानं माती उकरू लागले. तुम्ही मान वर करून माझ्याकडं बघणार, एवढ्यात पाटावरून आई म्हणाली, "दिली की." आणि तुम्ही कळ दाबलीत.

पाकीट आलं त्या दिवशी तुम्ही ते सडकेवरच फोडलंत. घरात आल्यावर फोटो आमच्यापुढं धरलात. आई पाटावर बसलेली होती, नाकीडोळी नीटस, आणि तिच्या दोन्ही खांद्यांमागून दोन पंख निघाले होते. अगदी पीसन्‌पीस मोजावं असे. तुम्ही आईवर कडाडलात, "तुला कुनी इचारलं हुतं? पोरीला इचारलं म्या." मग तुम्हीच शोध लावलात, हिला वाटलं भिंतीवरच्या घड्याळाची किल्ली. रविवारी घड्याळाला किल्ली द्यायचं काम तिचंच होतं ना. आई चुलीकडं वळली. तेवढ्यात तुमच्या ध्यानात आलं की हा भारद्वाज आहे. सातवा आठव्यावर बसला! कुंपणात हललं तो हाच! आणि राग कुठल्या कुठं गेला. शाळेत, चावडीवर, मोटारीच्या थांब्यावर तुम्ही तो फोटो नाचवलात. "म्या काढला. दिसला न्हाई, तरी बरोबर टिपला." मी तुमच्या मागं मागं, ओठ दाताखाली धरून.

आईचं मात्र हसं झालं. गावात कुणाचंही काम बिनसलं की म्हणायचे, "मास्तरीणबाईंनी किल्ली दिली वाटतं." ती ऐकायची आणि पदर सारखा करायची. पुढं लढाई लागली, रोळ मिळेनासे झाले, आणि तिचा तेवढा एकच फोटो राहिला. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, ती आजारी असताना, मी रडत तिला खरं सांगायला बसले, तर ती म्हणाली, "ठावं हाय मला. म्या दारातनं बगितलं हुतं तुला कळ दाबताना." मग खोटं का बोललीस, विचारलं. म्हणाली, "त्यांनी फोटू फुडच्या रोळावर ढकलला आसता. माजं तेवडं धाडस पुन्ना कवा झालं आसतं?" भीत भीत का होईना, तिला फोटो हवा होता, आप्पा. तुमच्या आर्जवांना ती नाही नाही म्हणत होती, ते सगळं वरवरचं. त्यासाठी तिनं गावाचं हसणं जन्मभर झेललं, आणि मी झेलू दिलं.

आता आजचं. निगेटिव्हं मी मोजली. आठ आहेत. सातव्यात नुसता निवडुंग आहे, दुकानानं तो छापलाच नव्हता. म्हणजे सातवा आठव्यावर बसलेला नाही, मधे दुसऱ्याच कुणी कळ दाबली, आणि हे पाकीट जपून ठेवणाऱ्या माणसाला ते दिसलं असणारच. तुम्ही गणिताचे मास्तर. नसेल मोजलं तर मास्तर कसले, आणि मोजलं असेल तर पक्के लबाड. माझा भारद्वाज घेऊन सगळ्या सडकेला मिरवलात! मी मघापासून यावर हसते आहे आणि मधेच डोळे पुसते आहे. मोजलं होतंत ना? एकदा तरी मला बाजूला घेऊन म्हणायचं होतंत, पोरी, बरा काढलास.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं, कारण पुढचं तुमच्याजवळही बोलायला जड जातं. तुम्ही फोटो पुढं धरलात तेव्हा मी त्यातला आईचा चेहरा पाहिलाच नाही, आधी पंख पाहिले. नंतर मुलांनी मला चांगला कॅमेरा आणून दिला, काढ म्हणून मागं लागली. मी म्हणायची, मला नाही जमत. खरं तर मी पुन्हा कधी कळ दाबलीच नाही. दुसरा फोटो बिघडला असता, तर पहिला नुसता नशिबानं आला होता हे मला कळलं असतं.