इसोगाईसानची फुलं

३ सप्टेंबर
परत आले! इसोगाईसान — हे असतानाचे ह्यांच्या बोटीवरचे जुने सोबती. मी दुकानात सुकी मासळी लावत होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली फुलं पुढे केली, "बागेत फार झालीत," एवढंच म्हणाले आणि सायकलवर टांग मारून पसार! गोल, गुलाबी, बटणांसारखी फुलं. शाळेच्या वेळचं फुलांच्या अर्थांचं पुस्तक माळ्यावरून काढलं. अर्थ — न कोमेजणारं प्रेम.
अगंबाई!

७ सप्टेंबर
आज निळी किक्योची फुलं! अर्थ — कायमचं प्रेम. सगळी स्वयंपाकघरात मांडली. ह्यांच्या देव्हाऱ्यापुढे कशी ठेवणार? तसबिरीतून बघतायत ना! उलट देव्हाऱ्याची दारंच लोटून घेतली आणि मग मोठ्यानं गात भांडी घासली.

८ सप्टेंबर
आज आरशात किती वेळा पाहिलं ते इथेसुद्धा लिहिणार नाही.

१२ सप्टेंबर
राहवेना. शेजारच्या टोफूवाल्या किनुएला सांगून टाकलं. पोट धरधरून हसली मेली. "ज्या माणसाला धड 'कशा आहात' विचारता येत नाही, तो फुलांतून बोलतोय होय?"
"म्हणूनच तर फुलांतून!" मी म्हटलं.
"एकसष्टाव्या वर्षी लाजतेस काय गं! बघ, टोमॅटो झालीस!"
जळते, दुसरं काय. पण टोफूचा एक तुकडा जास्त घातला.

१६ सप्टेंबर
जांभळी रिंदो. पुस्तक म्हणतं — दुःखात असलेल्या तुझ्यावर माझं प्रेम आहे.
रडले. मग हसले. तोवर शेगडीवरची मासळी करपून कोळसा.

१९ सप्टेंबर
केस कुरळे करून आले. ठरलं! आपणही फुलानंच उत्तर द्यायचं. अंगणातला कॉसमॉस. त्याचा अर्थ कोवळ्या मुलीचं निर्मळ मन — या वयात! असू दे. देणार म्हणजे देणार.

२० सप्टेंबर
पितरांचे दिवस लागले. इसोगाईसान आज पहिल्यांदाच दुकानातून आत घरात आले. हातात पांढरी शेवंती आणि उदबत्त्या. मी कॉसमॉस पाठीमागे लपवून बसलेली. त्यांनी देव्हाऱ्याची दारं उघडली. फुलदाणी रिकामी.
"मागची फुलं कुठायत? याच्यासाठी आणली होती."
मी तोंड उघडायच्या आत त्यांना स्वयंपाकघर दिसलं. सोया सॉसची बाटली, किटली, आणि मधे ओळीनं सगळी फुलं! गोल गुलाबी, किक्यो, रिंदो — पितरांपुढे ठेवायची फुलं, इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मी म्हातारी पुस्तक उघडून बसले! धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. ते देव्हाऱ्याकडे वळले. हात जोडून कितीतरी वेळ बसले आणि गेले. कॉसमॉसचा हातात चुरा झाला होता.

२२ सप्टेंबर
दुकान बंद. किनुए दार बडवून गेली. पोट बिघडलंय म्हटलं. सगळी फुलं ह्यांच्यापुढे नेऊन ठेवली. "तुमची होती हो. माफ करा." पण खरं सांगू? फुलं माझी नव्हती, तरी तो माणूस मला हवाच आहे. आता याचं काय करू?

२३ सप्टेंबर
आज परत येऊन देव्हाऱ्यापुढे बसले. परत तेवढाच वेळ! मला रागच आला. "एवढं काय बोलत असता हो त्यांच्याशी?"
कानापर्यंत लाल झाले. "विचारतोय. तुम्हाला मागणी घातली तर चालेल का म्हणून. इतकी फुलं दिली, तरी लेकाचा काही बोलतच नाही."
"त्यांना मी समजावते," मी म्हटलं. "तुम्ही मला विचारा."