तू मासळी सोडलीस तेव्हा

प्रिय दर्पण,

तुमच्या बोटीवरची मासळी आणायला देवू उद्या होडी घेऊन निघतोय, त्याच्याकडे ही चिठ्ठी देतेय. तिकडे फोनला रेंज नसते, आणि असते तेव्हा तू एकच विचारतोस, 'आता दुखत नाय ना?' मी 'नाय' म्हणते. ते खोटं आहे. ऑपरेशनला सात महिने झाले तरी माझं पोट अजून दुखतं. तुझ्या तोंडावर सांगायचं धाडस होत नाही, म्हणून इथे केळवे-माहीमला, आपल्या अंगणात सुपारीच्या सावलीत बसून लिहितेय.

दुपारची गोळी घेतली की डोळ्यांवर झापड येते. धड झोप नाही, धड जाग नाही. अंगण हळूहळू हलायला लागतं, भरतीचं पाणी उंबऱ्याशी येतं आणि तू दारातून आत वल्हवत येतोस, भिजलेला, हसरा. मी हात पुढे करते तर म्हणतोस, थांब, जाळं ओढून येतो. मग आईंच्या भांड्यांचा आवाज येतो, पाणी ओसरतं, तू जातोस. दुखणं मात्र तिथंच असतं, जेवायला थांबलेल्या पाहुण्यासारखं.

ऑपरेशनच्या आधी मी गडाबडा लोळायचे, तेव्हा तू कुणाला न विचारता केळव्याच्या देवीपुढे मासळी सोडलीस. हिचं दुखणं जाईपर्यंत मासा तोंडात घालणार नाही म्हणालास. बोटीवर सगळे ताजं कालवण ओरपत असताना तू डाळभात आणि लोणचं खायचास, सगळे तुला 'भटजी' म्हणून चिडवायचे. वर्षभरात किती वाळलास! मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा आई पापलेटं तळत होत्या, आणि तू चुलीशी उभा राहून विचारलंस, 'आता दुखत नाय ना?' टाके ताजे होते, कुठलं दुखणं कशाचं ते माझं मलाच कळत नव्हतं. मी नाही म्हटलं. तू सात तुकड्या खाल्ल्यास, वर काटेही चोखलेस. तुला खाताना बघून मला इतकं बरं वाटलं, की पुढे खरं बोलायची हिंमतच झाली नाही.

मग लपवाछपवी सुरू झाली. बोंबील जोडीजोडीनं बांबूवर टांगताना कळ आली, की खाली पडलेला बोंबील शोधतेय असं दाखवून वाकून बसते. तव्यावर वाळू तापवून तिची पुरचुंडी पोटाशी धरते आणि आईंना सांगते, थंडी वाजतेय. परवा त्यांनीच दुसरी पुरचुंडी आणून दिली आणि म्हणाल्या, 'बाय, एवढी थंडी आपल्याकडं कवा पडली?' मी तीही पोटाशी धरली. बोईसरला शालूकडे जाते म्हणून निघते, आणि जाते पालघरच्या डॉक्टरबाईंकडे. त्या म्हणतात, एंडोमेट्रिओसिस चिवट असतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी भलत्याच जागी वाढतं, ते काढलं तरी दुखणं मागे राहू शकतं, वर्षानुवर्षं सांभाळत न्यावं लागतं. ठरल्या वेळी गोळी, पोट सैल सोडून घ्यायचा श्वास, आणि दुखलं त्या दिवसाची वहीत खूण. गेल्या महिन्यात अकरा खुणा झाल्या. आधी महिन्यात अकरा दिवस बरे गेले तरी नवल वाटायचं. तेव्हा ऑपरेशन काही वाया गेलं नाही हं.

काल आईंकडून कळलं, तू आल्यावर मंगळवारी नवस फेडायचा आहे. जोडीनं देवीपुढे उभं राहायचं आणि दुखणं गेलं म्हणून ओटी भरायची. म्हणून ही चिठ्ठी. तुला फसवलं, पण देवीसमोर तेच बोलायला मन धजत नाही. मी येईन, ओटीही भरेन, पण आहे ते सांगेन. मला दुखण्याची भीती नाही. भीती ही, की हे वाचून तू पुन्हा ताट बाजूला सारशील, आणि या वेळी कायमचं, कारण हे दुखणं बहुधा माझ्यासोबतच राहणार आहे. तसं करू नकोस. तुझ्या मासळी सोडण्यानं माझी एकही कळ कमी झाली नाही, उलट तुझ्यासमोर कण्हायची चोरी झाली. मला माझ्या घरात कण्हायचंय, दर्पण. हे वाचून झालं की देवूच्या देखत कालवण वाढून घे, पोटभर जेव, आणि कुठला मासा खाल्लास ते त्याच्याकडून मला कळव.

खरं सांगून हलकी झालेली,
तुझीच
हेमांगी