आस्गरच्या अंगातलं भांडण

प्रिय आस्गर,

अक्षर माझं नाही म्हणून बिचकू नकोस, बोल सगळे माझेच आहेत. रक्ताचा कर्करोग परत डोकावतोय एवढं सांगून तू फोन ठेवलास, तो नंतर उचललाच नाहीस. माझ्या पेशी पुन्हा घेतल्या तर आजार आटोक्यात येईल असं म्हणतात, आणि तू डॉक्टरीणबाईंना अजून हो म्हणत नाहीस. अरे गाढवा, कसला विचार करतोयस?

मागच्या खेपेची धास्ती घेतलीस, मला ठाऊक आहे. माझी अस्थिमज्जा तुझ्यात रुजली आणि तुझे तळहात लालबुंद झाले, पोट बिघडलं. मी तुझ्या अंगात शिरूनही भांडतेय म्हणून ओरडला होतास. बाई मात्र म्हणाल्या, थोडं भांडण हवंच, त्याच भांडणात कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात.

त्यांनी मला कागदावर गोल काढून समजावलं. बी पेशी प्रतिपिंडं बनवून रक्तात सोडतात, ती जंतूंना चिकटतात. मदतनीस टी पेशी म्हणजे आपली आई, स्वतः कुणाला चापट मारायची नाही, पण सगळ्यांना कामाला लावायची. मारक टी पेशी बिघडलेली पेशी हुडकून तिचा जीव घेतात. मी लगेच म्हटलं, ही मी! काही पेशी नुसती आठवण ठेवतात, एकदा येऊन गेलेला जंतू वर्षानुवर्षं विसरत नाहीत. तुझ्या तशा पेशी औषधांनी पुसल्या गेल्या, म्हणून साठीत तुला तान्ह्या पोरांच्या लसी घ्याव्या लागल्या. दंडावर लहान मुलांची हत्तीच्या चित्राची पट्टी लावून आलास तेव्हा राय धान्याच्या पावावर हेरिंग मासा वाढता वाढता मी हसून हसून खाली बसले. तूही हसलास. तसा हसणारा तू मला परत हवा आहेस रे.

या वेळी आधी माझ्या थोड्याच पेशी देतील, मग बघत बघत वाढवतील. त्रास होणारच नाही असं मी म्हणत नाही. झाला तर मी उशाशी असेन, मला पोटभर शिव्या दे.

आता अक्षराचं. हे सिने नावाची नर्स लिहितेय, कारण माझ्या दोन्ही हातांत सुया आहेत. एका हातातून रक्त जातं, यंत्र त्यातल्या लिम्फोसाइट, म्हणजे त्याच बी आणि टी पेशी, काढून घेतं, उरलेलं दुसऱ्या हातातून परत येतं. तुझ्या होकाराची वाट बघत बसले नाही मी. तू हो म्हणेपर्यंत पेशी गोठवून ठेवतील. आई गेल्यापासून मला भांडायला तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. हो म्हण, आस्गर. सही मात्र सुया काढल्यावर मी स्वतः करेन, वाकडी आली तर चालवून घे.

तुझीच भांडखोर ताई,
ग्रेटे