कर्नाळ्याच्या पुढे

घणसोली, १९९६

ती. आई,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाहीच.

लग्नात तुझं नि सासऱ्यांचं वाजलं, तेव्हापासून या घरजावयाला तुझं घर बंद. मोटरसायकल त्यांची. रविवारी मित्रांबरोबर फिरून आलो की ते मीटरवरचे किलोमीटर बघतात. कर्नाळ्यापर्यंत चालतं, तुझ्या पेणपर्यंत नाही.

काल माझ्या मित्राने, विपुलने, कर्नाळ्याला मीटरची केबलच काढली, आकडा तिथेच थांबला. तुझ्या दारात आलो. तू मिरच्या वाळत घालत होतीस. हेल्मेट काढलं असतं तर मी परत निघालोच नसतो, म्हणून काढलं नाही. विपुलच म्हणाला, "मावशी, पनवेलचा रस्ता चुकलो."

"डावीकडं वला. लवकर जावा पोरांनो, घरी वाट बगत असतील."

परतताना कर्नाळ्याला केबल पुन्हा जोडली. संध्याकाळी सासऱ्यांनी मीटर बघून माझी पाठ थोपटली.

तू दाखवलेल्या रस्त्याने वेळेत पोचलेला,
हरेश