आठ गिअर मागे, एक पुढे

ती. दादांना जावयाचा साष्टांग नमस्कार.

जावयाने मेहुण्याला साष्टांग घालायची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मान धरल्यामुळे मी तसाही पलंगावर पालथा पडलोय, तर म्हटलं नमस्कारही उरकून घ्यावा. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनी बऱ्या आहेत ना? तुमची बहीण खुशाल आहे. आमच्या घरात सध्या तेवढीच सरळ उभी राहू शकते.

आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन कायमचं बसलं, हे तुम्हाला कळलंच (सगळ्यात आधी तुम्हीच हसलात). तुमच्या बहिणीने स्वच्छ सांगितलं, की पेरणीआधी तो शेतात चालला तर ठीक, नाहीतर भंगारात. मला ते फार लागलं. वडिलांच्या मागे या घरात माझं ऐकणारा तो एकटाच. चढावर तोही ऐकत नाही, पण निदान टोमणे मारत नाही. नवं इंजिन शोधायला निघालो तर त्या मापाचं आता कुणी बनवतच नाही. एका दुकानदाराने मापं ऐकून मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं ते हळू आवाजात विचारलं. शेवटी तुम्हीच मोठ्या मनाने बंदराच्या धक्क्याजवळच्या भंगारवाल्याचा पत्ता दिलात. त्याने एक मोठी होडी तोडली होती आणि तिच्यात आमच्याच ट्रॅक्टरच्या जातीचं इंजिन होतं! तुमच्या शिकवणीप्रमाणे मी ते किल्लीने ठोकून, कान लावून ऐकलं. (काय ऐकायचं असतं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, तरी मी मान डोलावली. तेव्हा ती डोलत होती.) भंगारवाला म्हणाला, "कमाल आहे, कालचं गिऱ्हाईकही अस्संच ठोकत बसलं होतं." होडीत इंजिनं दोन होती, त्यातलं एक ते गृहस्थ घेऊन गेले होते. मला बरं वाटलं, चोखंदळ माणसं अजून आहेत म्हणायची.

आमच्या मिस्त्रीने इंजिन बसवलं आणि पहिल्याच झटक्याला ते सुरू झालं. मी पहिला गिअर टाकला, ट्रॅक्टर मागे गेला. दुसरा टाकला, तर जास्त जोरात मागे गेला आणि तुमच्या बहिणीने वाळत घातलेल्या चादरी अंगावर घेऊन थांबला. मिस्त्रीने बराच वेळ खाली वाकून पाहिलं. मग म्हणाला, होडी सरळ जावी म्हणून तिची दोन इंजिनं एकमेकांच्या विरुद्ध फिरतात, आपल्या वाट्याला उलटं आलंय. त्यामुळे आता आठ गिअर मागे जायला आणि एक पुढे यायला. नांगर उचलणारा पंपही उलटा फिरतो, म्हणून नांगर जागचा हलत नाही. एवढं सोडलं तर इंजिन उत्तम आहे. मी तसाच, मागे बघत, बाजारात जाऊन आलो. वाटेत जो तो विचारायचा, "काय, घरी काही विसरलं का?" घरी पोचलो तेव्हा मान तिथेच राहिली होती. डॉक्टर म्हणाले, समोर बघून चालवत जा. समोर बघून मला फक्त आलेला रस्ता दिसतो, हे त्यांना कोण सांगणार?

असो. पत्राला खास कारण असं काही नाही. वहिनींना नमस्कार.

आपला,
दाजी

ता. क. तुमच्या विहिरीवरच्या पंपाला नुकतंच नवं इंजिन बसलं, असं वहिनी फोनवर बोलून गेल्या. अभिनंदन. ठोकून, ऐकूनच घेतलं असेल.

आणखी ता. क. मिस्त्री म्हणतो, पंपाला कुठलंही इंजिन चालतं. उलटं असलं तर पट्ट्याला एक पीळ द्यायचा, की पाणी वर. ट्रॅक्टरला अशी सोय नाही, आणि पेरणी तोंडावर आलीय.

शेवटचं ता. क. येत्या रविवारी आम्ही तुमच्याकडे येतोय. मी, मिस्त्री, त्याची अवजारांची पेटी आणि तुमची बहीण. इंजिनांची अदलाबदल होईपर्यंत मुक्काम. माझी मान वळत नाही, म्हणून मागे तोंड करून तुमची बहीण रस्ता सांगणार आहे. (भंगारवाल्याचं सगळं तिला सांगितलंय.) तेव्हा फाटक उघडं ठेवा, आणि माझी पाठ दिसली म्हणून दाजी निघाले असं समजू नका. येतोय.